पाण्याखालची गाज

जुलै महिन्यात मढच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. अक्सा, एरंगळ, भाटी आणि खाली थेट किल्ल्याच्या टोकापर्यंत लाटा एकामागून एक फुटत असतात. या आवाजाला मराठीत एक सुंदर शब्द आहे : गाज. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, पण उर्दूत याच्या तोडीचा शब्द आम्हाला अजून सापडलेला नाही. ‘शोर’ म्हटलं की त्यात तक्रार येते, ‘गरज’ म्हटलं की ढग आठवतात. गाज फक्त समुद्राचीच असते.

आमची शाळा मालाडच्या मालवणीत, म्हणजे मढपासून बसच्या एका तिकिटावर. सहावीच्या वर्गात हा शब्द शिकवताना एका मुलीने विचारलं, “टीचर, ही गाज माशांना पण ऐकू येते का?” वर्ग हसला. आम्ही मात्र त्या प्रश्नामागे लागलो, पुस्तकं चाळली, मढच्या धक्क्यावर चकरा मारल्या. जे हाती आलं ते घरोघरी वाचलं जावं असं वाटलं, कारण आपल्या ताटातल्या मासळीशी त्याचा सरळ संबंध आहे.

उत्तर असं, की माशांना गाज ऐकू येते, आणि आपल्यापेक्षा चांगली येते. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यातून सुमारे १,५०० मीटर. वेसावे आणि मढ यांच्यामधलं पाणी अर्धा किलोमीटर धरलं, तर पलीकडच्या धक्क्यावरचा आवाज हवेतून यायला दीड सेकंद लागेल, पाण्यातून एक तृतीयांश सेकंद. शिवाय पाण्यात आवाज लवकर विरत नाही. उजेड फार दूर जात नाही, आणि मुंबईच्या गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचंही दिसत नाही. पण आवाज दूरवर जातो. म्हणून पाण्यातल्या बहुतेक जिवांचे खरे डोळे म्हणजे त्यांचे कान.

घरी करून पाहण्यासारखा एक छोटा प्रयोग आहे. प्लास्टिकची बादली काठोकाठ भरा. एका मुलाने एक कान हाताने बंद करून दुसरा कान बादलीच्या बाजूला घट्ट लावावा, दुसऱ्याने स्टीलचे दोन चमचे आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून एकमेकांवर आपटावेत. पाण्यातली टिचकी अशी स्वच्छ येते की मूल दचकतं. (हा प्रयोग बादलीतच करावा. अक्साच्या पाण्यात मुलांना नेऊ नये. तिथे दरवर्षी कुणाच्या तरी घरी मय्यत होते.)

माशाचे कान बाहेरून दिसत नाहीत, पण आपल्या घरातल्या बायकांनी ते हजारदा हातात घेतले आहेत. ढोमी किंवा घोळ साफ करताना डोक्यातून पांढरे, गुळगुळीत खडे निघतात ना? लहानपणी आम्ही ते धुऊन खेळायला जमवायचो. ते माशाच्या कानातले खडे. आवाजाने मासा हलतो, जड खडा किंचित मागे राहतो, आणि त्या फरकावरून माशाला ऐकू येतं. ढोमी-घोळीच्या कुळात हे खडे मोठे असतात, कारण हे कूळच ऐकण्या-बोलण्याचं आहे. त्याकडे पुढे येऊच. आधी गाज कशी तयार होते ते पाहू.

चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटायच्या जरा आधी भांडं गुणगुणू लागतं. तळाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, वरच्या थंड पाण्यात येतात आणि फुटतात, त्याचा तो आवाज. समुद्राच्या आवाजाची गुरुकिल्लीही हा बुडबुडाच आहे. लाट फुटते तेव्हा ती हवा गिळते. ती हवा हजारो बुडबुड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक बुडबुडा जन्मताना घंटेसारखा क्षणभर वाजतो. १९३३ मध्ये मिनार्ट नावाच्या डच शास्त्रज्ञाने वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचा अभ्यास करताना याचं गणित मांडलं. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३,३०० कंपनांचा सूर काढतो. बुडबुडा दहापट मोठा असेल तर सूर दहापट खाली येतो. एका लाटेत मोहरीएवढे आणि लिंबाएवढे असे सगळे बुडबुडे एकदम जन्म घेतात, म्हणून आपल्याला एक सूर ऐकू न येता सगळे सूर मिसळलेली गाज ऐकू येते.

पावसाचंही तसंच आहे. मुसळधार सरीपेक्षा बारीक रिमझिम पाण्याखाली जास्त तिखट वाजते, हे वाचून आम्हालाही आश्चर्य वाटलं. बारीक थेंब पाण्यावर पडताना आपल्यामागे नेमका एक चिमुकला बुडबुडा अडकवून ठेवतो, आणि तो सेकंदाला चौदा-पंधरा हजार कंपनांच्या आसपास वाजतो. या सुरावरून भर समुद्रात किती पाऊस पडला हे शास्त्रज्ञ पाण्याखाली यंत्र ठेवून मोजतात. वाऱ्याचंही मोजमाप असंच होतं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी समुद्राचा आवाज मोजला गेला, आणि १९४८ मध्ये नुडसेन आणि त्यांच्या साथीदारांनी तो प्रसिद्ध केला. वारा जितका जोराचा, लाटांवर फेस जितका जास्त, तितका आवाज चढा. त्यांचे ते आलेख आजही वापरात आहेत.

त्याच युद्धात अमेरिकी आरमाराला आणखी एक आवाज सतावत होता. उथळ, उबदार समुद्रात यंत्र सोडलं की तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट येई. शोधाअंती कळलं की ही कोळंबीची एक बोटभर जात आहे. तिची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याची पिचकारी उडते, मागे पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना ‘तड्’ असा आवाज होतो. आवाज नांगीचा नसून बुडबुड्याचा आहे, हे २००० साली वेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झालं. पुन्हा बुडबुडाच!

म्हणजे समुद्र मुळातच गोंगाटाचा आहे. फ्रान्सच्या कुस्तोने पाण्याखालच्या चित्रणाच्या आपल्या गाजलेल्या चित्रपटाला ‘मूक दुनिया’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. चित्रपटाला १९५६ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण नाव चुकलं होतं. मढच्या धक्क्यावर जाळी शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलना आम्ही हे सांगितलं तर ते नुसते हसले. “दर्या कवा गप बसतो का, टीचर?” ते म्हणाले. त्यांचे वडील शिडाच्या होडीवर होते. वारा पडला की रात्री होडीच्या तळाशी आडवं व्हायचं, कान लाकडाला लागायचा, आणि ढोमीचा थवा खालून गेला की फळीतून ‘कर्र कर्र’ ऐकू यायचं. “आता इंजिन चालू असतं. त्याच्याखाली काय ऐकणार?”

ही दंतकथा नाही. मलेशियाच्या किनाऱ्यावर हा एक रीतसर पेशाच होता. अनुभवी कोळी होडीतून उतरून डोकं पाण्याखाली घालायचा, आवाजावरून माशांचा थवा कुठे आहे, कोणता आहे, ते ओळखायचा, आणि त्याने सांगितलं की जाळं पडायचं.

आता जहाजांकडे येऊ. इथे आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची गोष्ट येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणि मुरुड-जंजिऱ्याच्या मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जहाजावर गेली. इंग्रजांच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर डेकवरच्या खलाशांत कोकणी मुसलमान बरेच असत. खलाशी, सारंग, नाखवा, बंदर, लंगर या शब्दांवर आजही अरबी-फारसीचा खारा वास आहे. आमचे मामूही जहाजावर होते, पण खाली इंजिनात. तीस वर्षं नोकरी करून ते गावी परतले तेव्हा त्यांना अजान ऐकू येत नव्हती. घड्याळ पाहून उठायचे. कंपनीने ना कानाला लावायला काही दिलं, ना नंतर विचारपूस केली. घरात सगळे मोठ्याने बोलायचे आणि ते म्हणायचे, “ओरडता का?” इंजिनाच्या खोलीत माणसाचे कान जातात हे आम्हाला मामूंमुळे माहीत होतं. जहाजाच्या पत्र्याबाहेर, पाण्यातही कुणाला कान आहेत, हा विचार आमच्या घरात कधी कुणाच्या मनात आला नव्हता.

जहाजाचा पाण्यातला सगळ्यात मोठा आवाज इंजिनाचा नसून पंख्याचा असतो, आणि तोही बुडबुड्याचाच. पंख्याचं पातं वेगाने फिरलं की त्याच्या पाठीमागे पाण्यावरचा दाब इतका कमी होतो की थंड पाण्यालाच उकळी फुटते. वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लगेच कोसळतात. तीच चहाच्या आधणाची गोष्ट, फक्त पातेलं दुमजली घराएवढं. हे बुडबुडे लोखंडी पातंही कुरतडून खातात, म्हणून जहाज बांधणाऱ्यांना ते शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहेत. त्यांची काळजी मात्र पात्यापुरतीच होती.

मोठ्या मालवाहू जहाजाचा पाण्यातला आवाज १८०-१९० डेसिबल असतो असं छापून येतं, तेव्हा गोंधळू नये. पाण्यातलं डेसिबल आणि हवेतलं डेसिबल वेगळ्या पायरीवरून मोजतात. ढोबळमानाने पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा करावेत. म्हणजे १८५ चे १२३ उरले. वरातीतल्या डीजेच्या भिंतीला कान लावून उभं राहावं, इतकं. तरीही ते कमी नाहीच. वरात गल्लीतून निघून जाते. जहाजांची रांग मात्र संपत नाही.

१९६२ मध्ये गॉर्डन वेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने समुद्रातल्या आवाजांची वाटणीच करून दाखवली. सुमारे पाचशे कंपनांच्या वरच्या पट्टीत वारा, लाटा आणि पाऊस यांचं राज्य. खालच्या, घुमणाऱ्या पट्टीत दूरवरच्या जहाजांचं. हा खालचा आवाज पुढच्या काळात वाढत गेला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्याच जागी चाळीस वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा तो दर दशकाला सुमारे ३ डेसिबलने वाढलेला निघाला. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट ऊर्जा. चार दशकांत दहा पटींहून जास्त. निळा देवमासा नेमका याच खालच्या पट्टीत बोलतो, शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या देवमाशाशी. हा प्राणी आपल्यापासून दूर नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जवळपास शंभर वर्षांनी. त्याच वर्षी जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला एक जिवंत किनाऱ्याला लागला आणि गेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला एक मोठा देवमासा मेलेला वाहून आला, त्याला पाहायला आमच्या शाळेतली निम्मी मुलं गेली होती. या मृत्यूंचं खापर आवाजावर फोडायला पुरावा नाही, आणि ते फोडूही नये. पण हे शेजारी इथे राहतात, एवढं त्यातून कळतं.

मढपुरता मात्र हिशेब थोडा वेगळा आहे. आम्हाला वाटलं होतं की क्षितिजावर दिवे लुकलुकणारी मोठी जहाजंच इथली खरी गुन्हेगार असतील. पण खोल घुमणारा आवाज उथळ पाण्यात शिरू शकत नाही. सेकंदाला पन्नास कंपनांच्या आवाजाची एक लाट तीस मीटर लांब असते. पाच-सहा मीटर खोल पाण्यात ती मावतच नाही, वाटेत विरून जाते. मालवणीच्या गल्लीत ट्रक शिरत नाही, रिक्षा शिरते, तसं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात राज्य कुणाचं, तर फुटणाऱ्या लाटांचं, तडतडणाऱ्या कोळंबीचं, आणि माणसाकडून लहान बोटींचं : फेरीबोट, ट्रॉलर, पर्यटकांच्या वेगवान होड्या. लहान इंजिनांचा आवाज वरच्या पट्टीत असतो, म्हणून तो या गल्लीत आरामात फिरतो. गाजही बाहेरच्या दिशेने बरीच दूर जाते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात मोठ्या लाटांच्या दिवशी किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत मोजलं, तर किनाऱ्याकडून येणारा आवाज खुल्या समुद्राकडच्या आवाजापेक्षा चढा निघाला. म्हणजे पाण्यातल्या जिवाला जमीन कुठे आहे हे डोळे न उघडताही कळतं.

याच उथळ गल्लीत कुबडा डॉल्फिन राहतो. पाठीवर उंचवटा असतो म्हणून कुबडा. तो सहसा २५ मीटरपेक्षा खोल पाण्यात जात नाही, किनारा धरून राहतो. मुंबईच्या किनाऱ्यालगत ते आजही दिसतात. जागतिक यादीत ही जात धोक्यात आलेल्यांमध्ये आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात तिला सर्वोच्च संरक्षण आहे. गढूळ पाण्यात तो टिचक्यांसारखे आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा, खडक, जाळं, पिल्लू ओळखतो. बोटींचा गलका वाढला की त्याचं काय होतं, याचं एक उत्तर गंगेतून मिळतं. गंगेतल्या डॉल्फिनवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी उथळ आणि बोटी जास्त असल्या की डॉल्फिनना आपला आवाज बदलावा लागतो, जास्त जोर लावावा लागतो, आणि जगण्यासाठी लागणारी ताकद दुपटीपर्यंत वाढू शकते असा अंदाज निघाला. पोटाला तितकीच मासळी, खर्च दुप्पट. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घराला हे गणित समजेल.

आता घोळ आणि ढोमीकडे. या कुळातले नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलकीसारखा आवाज काढतात. ही पिशवी म्हणजे कोळी ज्याला बोत म्हणतात ते. घोळीचं बोत परदेशात सोन्याच्या भावाने जातं, म्हणून या माशाला सोन्याची मासळी म्हणतात. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळी लागल्या आणि लिलावात १ कोटी ३३ लाख रुपये आले, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. गुजरातने २०२३ मध्ये घोळीला राज्य मासा जाहीर केलं. लोकांनी त्या बातमीत फक्त पैसे पाहिले. पण माशांचे असे थवे जमतात तरी कसे? या कुळात अंडी घालण्याच्या दिवसांत नर एकत्र साद घालतात आणि माद्या त्या सादेवर येतात. कॅलिफोर्नियाच्या आखातात याच कुळातल्या एका माशाचा कोरस इतका मोठा आहे की २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तो माशांमधला आतापर्यंत नोंदलेला सर्वांत मोठा आवाज ठरवला. ही साद साधारण शंभर ते हजार कंपनांमध्ये असते. लहान बोटीचं इंजिन नेमकं त्याच पट्टीत घरघरतं. लग्नाच्या हॉलमध्ये काझीसाहेबांचा आवाज पंख्यांच्या घरघरीत बुडावा, आणि ‘कुबूल’ कुणी म्हटलं का हेच कळू नये, तशी अवस्था.

ज्या बोतासाठी आपण ही मासळी पकडतो त्याच बोताने ती नवीन पिढी घडवते, हे आम्ही मढच्या एका मावशींना सांगितलं. टोपलीत बोंबील रचत त्या म्हणाल्या, “मग पकडायची कशी, ते पन सांग.” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. कोळ्याला इंजिन बंद कर म्हणणं म्हणजे चूल बंद कर म्हणणं. आणि खरं सांगायचं तर किनाऱ्यावरच्या आवाजात कोळ्याच्या बोटीचा वाटा फार वाढलाय असंही नाही. वाढ होते आहे ती दुसरीकडून.

वांद्रे-वेसावे सागरी पुलाचं काम समुद्रात चालू आहे. वेसावे ते मढ खाडीवर पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे. आज मढहून वेसाव्याला रस्त्याने जायचं तर मालाडवरून सुमारे वीस किलोमीटरचा वळसा पडतो, फेरीबोट वादळात बंद असते, आणि रात्री बाळंतपण निघालं तर काय होतं हे मढच्या बायकांना विचारावं. पूल नको असं आम्ही म्हणणार नाही. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, खर्च ७६ हजार कोटींहून अधिक. तिथले मच्छीमार त्याला विरोध करत आहेत. ते बंदर झालं की मोठी जहाजं या किनाऱ्याला समांतर ये-जा करतील. घोळीची ती प्रसिद्ध जागाही त्याच टापूत येते.

बांधकामाचा आवाज कमी करता येतो. खांब हातोड्याने ठोकून रोवला तर पाण्यात भयंकर धक्के जातात. आधी भोक पाडून त्यात काँक्रीट ओतलं तर ते पुष्कळ कमी होतात. जर्मनीने उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी नियम केला : खांब ठोकताना ७५० मीटरवर १६० डेसिबलच्या वर जायचं नाही. तो पाळण्यासाठी तिथे खांबाभोवती समुद्रतळावर छिद्रं पाडलेली नळी गोल अंथरतात आणि त्यातून हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा वर चढतो आणि आवाज अडवतो. आवाज करणाऱ्या बुडबुड्यालाच पहारेकरी केलं!

जहाजांचंही अवघड नाही. वेग कमी केला की पंख्याचे बुडबुडे कमी होतात आणि डिझेलही वाचतं. कॅनडात व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून शिकारी देवमाशांच्या खाडीत जहाजांना हळू जाण्याची विनंती सुरू केली, सक्ती नाही, आणि बहुसंख्य जहाजं ती मानतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये आवाज कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सुधारल्या, पण त्याही ऐच्छिकच. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम हवेतल्या आवाजाचे. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पाण्याखालच्या मर्यादेचा त्यांत उल्लेख नाही. १९८२ च्या समुद्रविषयक जागतिक कराराने मात्र प्रदूषणाच्या व्याख्येत पदार्थाबरोबर ‘ऊर्जा’ही घातली आहे, आणि आवाज ही ऊर्जाच.

शांततेचा फायदा होतो का, हे पाहायची संधी जगाला एकदा दुर्दैवी कारणाने मिळाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर जहाजांची वाहतूक एकाएकी घटली. फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला, आणि तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची रसायनं त्या दिवसांत कमी आढळली. २०१२ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. मामूंचं ऐकणं परत आलं नाही, पण गावी आल्यावर त्यांची झोप परत आली होती, ते आम्हाला इथे आठवलं.

मढला अशी संधी दरवर्षी मिळते. साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून वर घेतलेल्या, फेरीही बेभरवशाची. या दोन महिन्यांत किनाऱ्याजवळच्या पाण्यात लाटा, पाऊस, कोळंबी आणि मासे एवढेच बोलतात. ऑगस्टपासून इंजिनं सुरू होतात. म्हणजे बंदीतला एक महिना आणि नंतरचा एक महिना एकाच जागी ध्वनिमुद्रण केलं, तर इथल्या पाण्यात आपली भर किती, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली यंत्रं ठेवून माशांचे कोरस नोंदवले आहेत, तेव्हा हे काम आपल्याकडे होत नाही असं नाही.

त्याच संस्थेचं मुंबईचं केंद्र अंधेरीत चार बंगल्याजवळ आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वेसाव्यातच आहे. दोन्ही खाडीच्या पलीकडे, मढच्या धक्क्यावरून फेरीच्या एका तिकिटावर. पुलाचा पहिला खांब खाडीत उतरण्याआधी, निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा इथलं पाणी ऐकून ठेवा, अशी विनंती करणारं पत्र आमच्या वर्गाने दोन्ही ठिकाणी लिहिलं आहे. मसुदा मराठीत, मुलांच्या अक्षरात. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने खाली आपल्याकडून एक ओळ जोडली आहे, की यंत्र पाण्यात सोडायला माणूस लागला तर तिचे अब्बू धक्क्यावर बर्फ चढवायचं काम करतात आणि ते सकाळी सहाला तिथेच असतात.